कमी पळालेली जुनी मोटारसायकल : पारख आणि निगा

मोटारसायकल ही एके काळी आमच्या भागात एखाद्या डॉक्टरच्या, कंत्राटदाराच्या नाहीतर मोठ्या बागायतदाराच्याच दारात दिसत असे. लोक तिला फटफटी म्हणत. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड आणि १९६१ साली म्हैसूरला जावा गाडी तयार होऊ लागली, त्यांच्या पाठोपाठ राजदूत आली. तरी वाळवे तालुक्यातल्या कामगाराला ती परवडण्यासारखी नव्हती. १९८५ साली हीरो होंडाची शंभर सीसीची चार स्ट्रोकची गाडी निघाली आणि थोड्या पेट्रोलवर पुष्कळ पळणारे वाहन मध्यम ऐपतीच्या माणसाच्या आवाक्यात आले. आज साखराळ्याच्या कारखान्यात रात्रपाळीला जाणारा, औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभा राहणारा, पहाटे डेअरीला दूध घालणारा, पेठ नाक्यावर एस.टी. धरणारा, या साऱ्यांचे मोटारसायकलीवाचून अडते. रात्री बाराला सुटणाऱ्या पाळीसाठी एस.टी. थांबत नाही. म्हणून मोटारसायकल ही आता चैन राहिली नसून कामगाराच्या हत्यारांपैकी एक हत्यार झाली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु नवी साधी गाडीसुद्धा रस्त्यावर येईपर्यंत पाऊण लाखाच्या आसपास जाते. कंत्राटी कामगाराला हा आकडा झेपत नाही. साहजिकच तो जुन्या गाडीकडे वळतो आणि तेथे त्याच्या कानावर हमखास एक वाक्य पडते : “गाडी कमी पळालेली आहे. मीटर बघा.” या एका वाक्यावर भरवसा ठेवून सहा महिन्यांची शिल्लक देऊन टाकणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. ते वाक्य पुष्कळदा खरे असते. पण खरे असले तरी पुरे नसते. ते तपासावे कसे आणि गाडी घेतल्यावर तिच्या सर्व्हिसिंगचे वेळापत्रक वाचावे कसे, एवढ्याच दोन गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

आधी हिशेब मांडावा

गाडी पाहण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. रोज पंचवीस किलोमीटर जाणारा-येणारा माणूस वर्षाचे तीनशे दिवस कामावर गेला तर त्याची गाडी वर्षाला ७,५०० किलोमीटर पळते. आता समजा, २०१९ सालची एक गाडी विक्रीला आहे आणि सात वर्षांत तिच्या मीटरवर फक्त ९,००० किलोमीटर पडले आहेत. म्हणजे वर्षाला सुमारे १,३०० आणि दिवसाला साडेतीन किलोमीटर! हा आकडा अशक्य नव्हे. पण तो ऐकून आनंद होण्याऐवजी मनात प्रश्न उभा राहिला पाहिजे : असे का?

याला तीनच उत्तरे असू शकतात. एक, गाडी खरोखरच उभी होती; मालक वयस्कर होता, परगावी होता, किंवा घरात दुसरी गाडी होती. दोन, मीटर बंद पडले होते. जुन्या गाड्यांचे मीटर पुढच्या चाकापासून येणाऱ्या केबलीवर चालते. ती केबल तुटली की गाडी पळत राहते आणि आकडा मात्र जागच्या जागी राहतो. दोन वर्षांनी केबल बदलली की मीटर पुन्हा मुकाट्याने चालू लागते. तीन, आकडा मुद्दाम मागे फिरवला आहे. काट्याचे मीटर फिरवता येत होते आणि आकडे उजळणारे आजचे विजेचे मीटरही फिरवता येते. तेव्हा नव्या पद्धतीचे मीटर आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

खरे उत्तर कोणते, हे गाडीच सांगते. ९,००० किलोमीटर पळालेल्या गाडीच्या पायाखालच्या रबराची नक्षी, ब्रेकच्या पायट्यावरचे आणि किकचे रबर, हँडलच्या मुठी यांवर झीज दिसता कामा नये. ही रबरे गुळगुळीत झाली असतील तर मीटर खोटे बोलते आहे. ती सगळीच कोरी करकरीत असतील तर ती कधी बदलली आणि का, हे विचारावे. चेन ज्या दातेरी चाकावर फिरते त्याचे दात वाघनखासारखे एका बाजूला वाकले असतील तर ती गाडी काही हजार नव्हे, बरीच मोठी मजल मारून आली आहे. पुढे डिस्क ब्रेक असेल तर तिच्या कडेवरून नख फिरवावे. नख अडेल अशी खोल कड पडली असल्यास झीज बरीच झाली आहे.

सर्वांत चोख साक्षीदार म्हणजे टायर. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन वर्षातला आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची आणि मागचा टायर २०२३ चा असेल तर पहिला टायर झिजून गेला, हे उघड आहे. आणि नऊ हजारांच्या आत मागचा टायर सहसा संपत नाही. उलट टायर मूळचाच असेल तर मीटर खरे असण्याचा संभव वाढतो. मात्र सात वर्षांच्या रबराचा वेगळा विचार करावा लागतो. तो पुढे येईल. शेवटी सर्व्हिसचे पुस्तक मागावे आणि गाडी ज्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असे तेथे मालकाला सोबत घेऊन जावे. प्रत्येक खेपेला मीटरचा आकडा तेथे संगणकात नोंदलेला असतो. २०२१ साली २१,००० नोंदलेली गाडी २०२६ साली ९,००० दाखवू लागली, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

उभे यंत्र हे विश्रांती घेत नसते

आता मीटर खरे निघाले असे धरू. तरीही “कमी पळाली म्हणजे कमी झिजली” हे अनुमान चुकीचे आहे. साखर कारखान्यातल्या कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही. कारखान्याचा गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो. धुराडे विझते तेव्हा गावाला वाटते कारखाना झोपला. पण आतला फिटर जाणतो की खरी दुरुस्ती आता सुरू होते. रोलर उतरतात, पंप खुलतात, बॉयलर धुतले जातात. पाणी तसेच ठेवून बॉयलर उन्हाळाभर उभा केला तर गंज त्याला आतून खाऊन टाकील. चालत्या यंत्राला घर्षण झिजवते आणि उभ्या यंत्राला हवा, पाणी आणि काळ झिजवतात.

मोटारसायकलीतही हेच घडते. इंजिन तापले की त्यातले ऑइल पेट्रोलच्या ज्वलनातून येणारा ओलावा उडवून टाकते. पण रोज साडेतीन किलोमीटरच चालणारे इंजिन पुरते तापतच नाही. तो ओलावा आत राहतो, ऑइलशी मिसळतो, आंबट पदार्थ तयार होतात आणि बेअरिंगचे व सिलिंडरचे पृष्ठभाग खाल्ले जातात. म्हणून दुकानापर्यंतच फिरवलेली गाडी ही रोज पंचवीस किलोमीटर एका चालीने पळालेल्या गाडीपेक्षा इंजिनाने अधिक थकलेली असू शकते.

पेट्रोलचेही तसेच आहे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते काही प्रमाणात आपल्या उसापासूनही होते, ही आपल्या भागाच्या फायद्याची गोष्ट आहे. परंतु इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर पाणी तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. जुने झालेले पेट्रोल चिकट बनते आणि कार्बोरेटरच्या जेटची बारीक भोके बुजवते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंधनाचे इंजेक्शन आले. त्यातही गंजाचा कचरा पंपात गेला तर खर्च मोठा होतो. म्हणून टाकीचे झाकण काढून आत विजेरीचा उजेड टाकावा. तांबूस पापुद्रे दिसले तर किंमत पाडून घ्यावी, नाहीतर नमस्कार करून परत यावे.

बॅटरी उभ्या गाडीत हळूहळू उतरत जाते आणि उतरलेल्या स्थितीत फार काळ राहिली की कायमची निकामी होते. टायरचे रबर उन्हापावसाने कडक होते. नक्षी शाबूत असली तरी बाजूला बारीक चिरा पडतात. असा टायर ओल्या डांबरावर पकड धरत नाही. पाच-सहा वर्षांवरचा टायर नक्षी पाहून पास करू नये. डिस्क ब्रेकमधले तेल तर झाकणबंद असूनही हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावलेले तेल लवकर उकळते, आणि उतारावर ब्रेक सारखा दाबावा लागला की नेमक्या वेळी ब्रेक पोकळ लागतो. म्हणून हे तेल गाडी पळो वा न पळो, साधारण दर दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस असते.

पुराचे पाणी आणि दुधाच्या कासंड्या

आपल्या जिल्ह्यात आणखी एक तपासणी आवश्यक ठरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-वारणेच्या पुरात काठच्या गावांतून आणि सांगली शहरातून असंख्य वाहने पाण्याखाली गेली. त्यांतल्या पुष्कळ गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. त्या स्वाभाविकच “कमी पळालेल्या” आहेत. त्यांतली प्रत्येक वाईट असेल असे नाही. वेळीच खोलून साफ केलेली गाडी चालतेही. पण तसे सांगून विकणारे थोडे. पुराची खूण शोधावयाची ती दिव्याच्या काचेच्या आत, मीटरच्या काचेखाली, सीटखालच्या तारांच्या जोडांत आणि चौकटीच्या पोकळ नळीत. तेथे वाळलेल्या गाळाची रेघ सापडते. तारांच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल, चाकांच्या बेअरिंगांचा खरखर आवाज येत असेल, तर गाडी पाणी प्यालेली आहे असे समजावे.

याच्या उलट दूधवाल्याची गाडी. दोन्ही बाजूंना भरलेल्या कासंड्या लटकवून खेडोपाडी फिरलेल्या गाडीचे किलोमीटर थोडे असले तरी तिच्या शॉकअपवर, मागच्या चौकटीवर आणि क्लच प्लेटांवर दुप्पट भार आलेला असतो. मागच्या चौकटीला वेल्डिंगचा जोड किंवा कॅनच्या हुकाचे घासल्याचे व्रण दिसतात का, ते पाहावे.

गाडी पाहावयास दिवसा जावे आणि इंजिनाला आधी हात लावून पाहावा. ते गरम असेल तर मालकाने आपण येण्यापूर्वीच ते चालू करून ठेवले आहे; गार इंजिन चटकन चालू होत नसल्यास ते असे झाकता येते. गार होईपर्यंत थांबावे. चालू केल्यावर निळसर धूर सतत आला तर ऑइल जळते आहे. काळा धूर आला तर पेट्रोल जादा जाते आहे. सकाळच्या गारठ्यात थोडी पांढरी वाफ आली तर चिंतेचे कारण नाही. पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढेमागे हलवावे. टकटक लागली तर कोनसेट सैल आहे. आणि आपला विश्वासू मेस्त्री बरोबर न्यावा, त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज द्यावा. फुकट सल्ला मागून पुढे त्याच्याच डोक्यावर दोष ठेवणे शोभत नाही.

कागद पुरे तर गाडी आपली

गाडी ताब्यात आली म्हणजे आपली झाली, ही समजूत सर्वांत महाग पडते. कायद्याच्या दृष्टीने आर.सी. ज्याच्या नावावर, तो मालक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५० व्या कलमान्वये राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने आहेत. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर ३५ क्रमांकाचा नमुना आणि कर्ज देणाऱ्याचा ना-हरकत दाखला लागतो. बोजा आर.सी. वरून उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम हातावर ठेवू नये.

विकणाऱ्यानेही हे ध्यानात धरावे. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की गाडी प्रत्यक्षात हातोहात विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या नुकसानभरपाईला जबाबदार राहतो. गाडी विकून टाकली, पैसे खर्चून झाले आणि तीन वर्षांनी कोणा अनोळखी माणसाच्या मृत्यूची भरपाई आपल्या दारी आली, अशी पाळी येऊ शकते. “नाव नंतर करू” हे शब्द दोघांच्याही मुळावर येणारे आहेत.

विम्याचेही नाव बदलून घ्यावे. १५७ व्या कलमाप्रमाणे घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. तिऱ्हाइताचा विमा गाडीबरोबर जातो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मागताना पॉलिसीवर जुन्या मालकाचे नाव असेल तर अडचण उभी राहते. इंजिनाचा आणि चौकटीचा क्रमांक आर.सी. शी ताडून पाहावा, कानशीने घासल्यासारखा दिसला तर व्यवहार करू नये. थकलेले दंड सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून दिसतात. गाडीला पंधरा वर्षे झाली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च किमतीत धरावा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेतले पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आहे. ते अधिकारपत्र दाखवा म्हणावे आणि मीटरचा आकडा लिहिलेली पावती घ्यावी. लेखी आकडा असला की पुढे ग्राहक आयोगापुढे उभे राहता येते.

वेळापत्रक कसे वाचावे

आता सर्व्हिसच्या वेळापत्रकाकडे वळू. ते गाडीच्या पुस्तकात कोष्टकाच्या रूपाने छापलेले असते. वरच्या ओळीत किलोमीटर आणि महिने, डाव्या रकान्यात भागांची नावे आणि चौकटींत तपासणे, साफ करणे, बदलणे अशा अर्थांची इंग्रजी अक्षरे. हे कोष्टक इंग्रजीत आहे म्हणून पुष्कळ लोक उघडतच नाहीत. एक संध्याकाळ खर्च करून, मुलाची मदत घेऊन ते मराठीत वहीत उतरून घ्यावे. ज्याला मजुरीचा करार वाचता येतो त्याला हेही वाचता येते.

या कोष्टकातले सर्वांत महत्त्वाचे शब्द आहेत “जे आधी येईल ते”. कंपनीकंपनीचे आकडे निराळे असतात. नमुन्यादाखल पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरला आणि पुढे दर ३,००० किलोमीटर किंवा सहा महिने, असे धरू. आपली ती सात वर्षांची गाडी घ्या. किलोमीटरने मोजले तर ५००, ३,०००, ६,००० आणि ९,००० अशा चारच सर्व्हिसिंग होतात. महिन्यांनी मोजले तर सात वर्षांत चौदा. मालक अभिमानाने म्हणतो, “एकही सर्व्हिसिंग चुकवले नाही.” तो चार मोजतो. वेळापत्रकाच्या दृष्टीने दहा चुकले आहेत. कमी पळालेल्या गाडीचे मर्म या दहांत आहे.

प्रत्येक कलमामागे कारण आहे. जुन्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांत, राजदूत आणि आर.एक्स. १०० यांत, ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाई; म्हणून जुन्या पिढीला ऑइल “बदलण्याची” सवय नव्हती. चार स्ट्रोकच्या गाडीत तेच सुमारे लिटरभर ऑइल इंजिन, गिअर आणि बहुतेक गाड्यांत क्लच या तिघांतून अहोरात्र फिरते आणि सगळ्यांची घाण अंगावर घेते. म्हणून ते मुदतीत काढून टाकावे लागते. ऑइल मोटारसायकलीचेच घालावे. मोटारीचे घातले तर क्लच घसरण्याचा संभव असतो. एअर फिल्टर हे गाडीचे नाक आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागच्या धुळीतून रोज जाणाऱ्याने छापील मुदतीच्या आधीच ते साफ करावे. कोष्टकात “धुळीच्या भागात लवकर” अशी सूचना असते ती आपल्यासाठीच आहे. टॅपेट वेळोवेळी तपासले नाहीत तर व्हॉल्व्ह पुरते बसत नाहीत, दाब निसटतो आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतात. चेन मात्र मेस्त्रीवर सोडू नये. दर पाचशे किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर तिला घरीच पुसून तेल द्यावे.

अशी गाडी घेतल्याबरोबर पहिला दिवस हाच तिचा शून्याचा दिवस धरावा. पूर्वी काय झाले याचा वाद न घालता ऑइल, ऑइलची जाळी किंवा फिल्टर, एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेकचे तेल बदलावे. टाकी रिकामी करून नवे पेट्रोल भरावे. कार्बोरेटर खोलून धुवावा. टॅपेट, ब्रेकचे लायनर, केबली आणि बेअरिंगे तपासावी. टायर जुने असतील तर बदलावे. या खर्चासाठी किमतीचा निदान दहावा हिस्सा हाती राखून मगच सौदा ठरवावा. शेवटचा रुपया मालकाला देऊन गाडी घरी आणणारा माणूस पहिल्याच महिन्यात सर्व्हिसिंग पुढे ढकलतो आणि पुढे ती ढकलतच राहते. त्यानंतर दारामागे एक वही टांगावी : तारीख, मीटर, काय बदलले, किती पैसे लागले. पुढे गाडी विकावयाची वेळ आली तर हीच वही मीटरपेक्षा अधिक किंमत मिळवून देईल.

कामगारांत आम्हाला नेहमी एक गोष्ट आढळते. कारखान्याचे यंत्र बंद पडू नये म्हणून जो माणूस रात्र जागून काढतो, तोच स्वतःच्या गाडीच्या सर्व्हिसिंगला “पुढच्या पगारावर बघू” म्हणतो. पण यंत्र बंद पडले तर नुकसान कारखान्याचे; गाडी बंद पडली तर बुडतो तो आपला रोज, आणि ब्रेक बंद पडला तर काय बुडते ते सांगावयास नको. स्वस्त गाडी शोधण्यात गैर काही नाही. गरजवंताने ती शोधलीच पाहिजे. मात्र मीटरवरचा लहान आकडा पाहून त्याने भुलू नये. गाडी किती पळाली हे विचारावेच. आणि त्याच दमात ती किती काळ, कोठे आणि कोणाच्या निगराणीखाली उभी होती हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर जो मालक देऊ शकतो, त्याची गाडी चार पैसे जास्त देऊन घ्यावी.